सांगलीची हळद, तासगावचा बेदाणा आणि दाजींची करंगळी

उंदरांनी मला आयुष्यात बरंच काही दिलं. नोकरी दिली, डॉक्टरेट दिली, अंगठ्याला एक कडकडून चावाही दिला. पण त्यांच्यामुळे मला सातारा-सांगलीचं आमंत्रण येईल, असं कधी वाटलं नव्हतं बाप्पा!

मी नागपूरच्या एका कॉलेजात औषधशास्त्र शिकवत होते, आता निवृत्त आहे. उंदराला भूल देऊन त्याच्या मांडीतला मज्जातंतू, ज्याला सगळं जग नसच म्हणतं, तो चिमट्याने दाबायचा. मग काहींना हळदीचा अर्क किंवा द्राक्षाच्या सालीतलं द्रव्य द्यायचं, काहींना नुसतं पाणी, आणि कोणाची नस किती वाचते ते पाहायचं. हे माझं काम. हळद-द्राक्षातल्या या द्रव्यांना अँटिऑक्सिडंट म्हणतात. हे सगळं मी एकदा शैलाला मोठ्या उत्साहाने सांगितलं होतं. शैला माझी पुण्यातल्या होस्टेलची मैत्रीण. माहेर साताऱ्याजवळचं मेढा, सासर तासगाव. तासगावात तिचं औषधांचं दुकान आहे. नवरा लष्करातून सुभेदार म्हणून निवृत्त झाला आणि आता द्राक्षबाग करतो.

त्या नवऱ्याचं, म्हणजे माझ्या दाजींचं, उजवं मनगट गेल्या दसऱ्याच्या आधी बेदाणा शेडचा पत्रा बदलताना कापलं. करंगळीकडे जाणारी नस तुटली. सर्जनने ती टाके घालून जोडली, जखमही छान भरली, पण करंगळी मेल्यासारखी आणि तिच्या शेजारचं बोट अर्धमेलं होऊन पडून राहिलं. फेब्रुवारी संपता संपता शैलाचा फोन आला.

"तुझे उंदीर बरे झाले होते ना गं?"

"झाले होते बऱ्यापैकी."

"मग माझा नवरा का होत नाही? मी सगळं खायला घालतेय त्याला. तू ये आणि बघ एकदा."

शैला म्हणजे होस्टेलच्या मेसवाल्याला रडवणारी बाई. तिचा आवाज असा कापताना मी कधी ऐकला नव्हता. मी तिकीट काढलं.

मेढा

रेल्वेचं वर्णन करत नाही, कारण मी झोपले होते. साताऱ्याला उतरले तर शैला हजर. माहेरी बारशाला आली होती, म्हणाली, "एक रात्र मेढ्याला राहू, मग जाऊ." मेढ्याच्या वाटेवर कण्हेरच्या धरणाचं पाणी डाव्या-उजव्या हाताला लपंडाव खेळत होतं आणि डोंगर असे अंगावर आलेले, की आमच्या सपाट मुलखातल्या माणसाला मान वर करकरून दुखायला लागावी. नागपुरात डोंगर म्हणजे सेमिनरी हिल्स. तिथे आम्ही फिरायला जातो आणि धाप लागली की अभिमानाने सांगतो. इथल्या बायका तसल्या दोन टेकड्या डोक्यावर भारा घेऊन सहज चढत होत्या.

शैलाच्या आईने, काकूंनी, पावट्याची आमटी आणि नाचणीची भाकरी वाढली. आमच्याकडे पाहुण्याला "घ्या ना जी" असं तीनदा विचारतात. इथे विचारत नाहीत. मी ताटावर हात आडवा धरला, तर काकूंनी माझा हात उचलून बाजूला ठेवला आणि भाकरी टाकली. तीन भाकऱ्या खाल्ल्या. रात्री कूस बदलता येईना.

निघताना काकूंनी जांभळाच्या मधाची बाटली काढली. "जावयास्नी द्या. लय कडू हाय. कडू हाय म्हंजी औषिद हाय."

"काकू, मधाने नस जुळत नाही हो," मी म्हटलं.

"व्हय, पर बिघडतीया का?"

बाटली पिशवीत गेली. वर स्ट्रॉबेरीचे दोन डबे. शैला म्हणाली, त्यातही असतं ना गं ते? असतं बाई, सगळ्यात असतं.

सांगली

एसटीत मी त्यातला एक डबा वरच्या फळीवर ठेवला, ही माझी चूक. कराडच्या पुढे एका वळणावर गाडीने जोरात ब्रेक मारला आणि खालच्या म्हाताऱ्याच्या पांढऱ्या स्वच्छ टोपीवर, तिथून नाकावर, लाल ओघळ आला. त्याने बोट लावलं, बोट पाहिलं, आणि अख्ख्या गाडीला ऐकू जाईल असं म्हणाला, "आरं, डोकं फुटलं की रं माझं!"

कंडक्टर धावला. मी उठून ओरडले, "बाबा, स्ट्रॉबेरी आहे, स्ट्रॉबेरी!" म्हाताऱ्याने बोट चाटलं. "व्हय की. ग्वाड हाय." मग उरलेला अर्धा डबा त्याने आणि कंडक्टरने मिळून संपवला. आमच्या गावाकडे एवढ्यावर तासभर भांडण झालं असतं.

सांगलीत उतरलो ते हळदीसाठी. शैलाला म्हणे बाजारातली पुडी चालणार नव्हती, सौद्यातली अस्सल हळकुंडं हवी होती. मार्केट यार्डात पोत्यांच्या रांगा, पोती फोडून ओतलेले हळकुंडांचे ढीग, बोली लावणारा पुढे आणि व्यापाऱ्यांचा घोळका मागे, आणि हवेत असा पिवळा धुरळा की मी लागोपाठ शिंकत सुटले. एका व्यापाऱ्याने हळकुंड काडकन मोडून माझ्यासमोर धरलं. आत केशरी. "बघा बाई, ह्यो रंग. ह्यात सगळं हाय. कशाला पायजे तुमास्नी?"

शैलाने सांगितलं, नवऱ्याची नस तुटलीय. झालं! घोळक्यातला प्रत्येकजण डॉक्टर झाला. कोणी दुधातून सांगितली, कोणी तुपातून, कोणी लेप लावा म्हणाला. मी शिंका आवरत समजावायला लागले, की उंदराला जेवढा अर्क आम्ही देत होतो, त्या हिशोबाने माणसाला द्यायचा तर घमेलंभर हळद खावी लागेल आणि पोटातून त्यातली चिमूटभरही अंगाला लागत नाही. सगळ्यांनी शांतपणे ऐकून घेतलं. मग तो व्यापारी म्हणाला, "म्हंजी चार किलो बांधू?"

शैलाने चार किलो बांधून घेतली. मी चिडले. भडंगाच्या दुकानासमोर आमचं चांगलंच वाजलं.

"तू स्वतः औषधं विकतेस शैला! तुला कळत नाही?"

"कळतं. म्हणूनच सगळं करून बघतेय," ती म्हणाली. "तो बोलत नाही गं आता. दर रविवारी जनावरांच्या बाजारात जायचा, आठवडाभर त्याच गप्पा. आता रविवारी बागेत जाऊन बसतो नुसता. मला त्याचा हात नको, मला तो हवाय." आम्ही दोघींनी भडंग घेतलं आणि भांडण तिथेच सोडलं.

तासगाव

दाजी दारात उभे होते. ताठ, मिशी जागेवर, आणि उजवा हात मात्र कापसात, वर हळदीचा लेप, वर पट्टी, वर लोकरी मोजा. मार्चमध्ये!

"या म्याडम. तुमच्या उंदरांमुळं माझं वजन वाडलं," ही पहिली सलामी. दाजी सकाळी बेदाणा, दुपारी डाळिंब, संध्याकाळी हळदीचं दूध आणि वर शैलाच्या दुकानातल्या कॅप्सूल खात होते. पोट सुटलं होतं. साखर नव्हती हे नशीब.

"हात पाहू द्या."

"उद्या. आधी शेड बघा आमचं."

त्यांचं बेदाणा शेड पाहून मी खूश झाले. लोखंडी अँगलचे उंच मांडव, त्यावर एकाखाली एक जाळ्या, आणि जाळ्यांवर द्राक्षांचे घड, कुठे अजून टपोरे, कुठे सुरकुतलेले. घड तेल-सोड्याच्या पाण्यात बुडवून काढायचे म्हणजे साल पातळ होते आणि पाणी लवकर सुटतं. शेवटी गंधकाची धुरी.

"धुरी कशासाठी, दाजी?"

"काळं पडू नये म्हनून. हवा लागली की बेदाणा काळा पडतो. धुरी दिली की हिरवागार ऱ्हातो."

अहो, मी तर जागेवर उडी मारली! वर्गात जे समजावायला मला तास लागायचा ते इथे जाळीवर पसरलेलं होतं. मी म्हटलं, "दाजी, हेच ते! हवेतल्या ऑक्सिजनमुळे द्राक्ष काळं पडतं, तशीच नस तुटली की तुटलेल्या भागात उपद्रवी ऑक्सिजन तयार होतो आणि आजूबाजूचं चांगलंही नासवतो. त्याला अडवणारं ते अँटिऑक्सिडंट. तुमची गंधकाची धुरी तेच करते."

दाजी पहिल्यांदाच मोकळं हसले. "म्हंजी मी बरुबर केलं न्हवं?"

"काय केलं?"

"हात जाळीवर टाकला." त्यांनी पट्टीकडे बोट दाखवलं. "आमच्यात एकच नेम. घड एकदा जाळीवर टाकला की त्याला हात लावायचा न्हाई. हात लागला की मणी फुटतो, चिकटतो, वाया जातो. मग मी बी कुणाला हात लावू दिला न्हाई. ते व्यायाम सांगनारं पोरगं हुतं दवाखान्यात, बोटं वाकवायचं. दोनदा गेलो, मग म्हनलं, नको. नस जुळतीया, तिला हलवायची कशाला?"

शैला कपाळाला हात लावून उभी. तिला ते व्यायामाला जातात असंच वाटत होतं. बागायतदाराने उभ्या आयुष्याच्या अनुभवातून काढलेला तर्क, आणि नेमका उलटा पडलेला!

"दाजी," मी म्हटलं, "बेदाणा वाळायला ठेवतात. हात वाळवायचाय का तुम्हाला?"

मीच रागारागात पट्टी सोडली. हात पिवळाजर्द, बोटं आत वळून ताठलेली. सांगितलं ते असं, की तुटलेल्या जागेपुढची जुनी नस मोडीत निघते, पण तिची नळी रिकामी राहते, आणि त्या नळीतून नवी नस रोज मोहरीच्या दाण्याएवढी पुढे सरकते. तिला घाई करता येत नाही. आमच्या अर्काने उंदरांत पडझड कमी झाली हे खरं, माणसात तसं होतंच असं आजही कोणी छातीठोक सांगू शकत नाही. पण नस बोटापर्यंत पोचेस्तोवर सांधे मोकळे ठेवणं आपल्या हातात आहे. नस आली आणि सांधेच गंजलेले असले तर ती येऊन काय करणार?

मग मी मनगटापासून तळहातावर बोटाने हळूहळू टिचक्या मारत गेले. करंगळीच्या बुडाशी आले आणि दाजींनी हात झटकन मागे घेतला.

"काय झालं?"

"काय न्हाई."

"दाजी!"

"मुंग्या येत्यात," ते जमिनीकडे पाहत म्हणाले. "करंट मारल्यावानी. दिवाळीनंतर मनगटापाशी येत हुत्या, आता हितवर आल्यात. मी शैलाला बोललो न्हाई. म्हनलं हात सडाय लागला. आता बोटं बी झडत्याल."

शैलाने तोंडावर पदर धरला. मी मात्र त्यांच्या पाठीत धपाटाच घातला, वयाचा मान वगैरे विसरून. "अहो सुभेदार, ही नस चालून राहिली आहे तुमची! जिथे मुंग्या तिथे तिचं टोक!"

"खरं म्हंता?"

"खरं. पण पुढे किती येईल ते सांगत नाही. खोटी आशा लावायची मला सवय नाही." मी डोळे मिटायला लावून कापसाने करंगळीचं टोक पुसलं. काही नाही. बुडाशी दाबलं. दाजी म्हणाले, "वाटल्यागत हुतंय. पर तुमी दाबताय हे म्हाईत हाय, म्हनून वाटत आसंल."

त्या दिवसापासून शैला सकाळ-संध्याकाळ कोमट पाण्याच्या पातेल्यात त्यांची बोटं एकेक सरळ करायला लागली. दाजी दात-ओठ खायचे आणि लष्करातल्या हिंदीत शिव्या द्यायचे. ती म्हणायची, "द्या, द्या. होस्टेलात मी याहून मोठ्या दिल्यात." मी तोवर बेदाणा खात बसायचे. औषध म्हणून नाही, चांगला होता म्हणून.

बाजाराचं त्यांनी मला तिसऱ्या-चौथ्या दिवशी सांगितलं, तेही खर्डा आणि भाकरी खाताना, सहज बोलल्यासारखं. त्यांच्याकडे जनावराचा सौदा तोंडाने होत नाही. विकणारा आणि घेणारा हातात हात देतात, वर रुमाल टाकतात आणि रुमालाखाली बोटं धरून भाव सांगतात. तर्जनीपासून मोजायचं. तीन बोटं धरली की तीन, करंगळीही घेतली की चार. हजार की दहा हजार ते जनावर बघून दोघांना कळतंच. भोवती माणसं उभी असतात, पण आकडा त्या दोन हातांपलीकडे जात नाही, आणि तोंडाने तो कोणी उच्चारत नाही. उच्चारला तर फार वाईट दिसतं. दाजींच्या बोटांवर पंचक्रोशीचा विश्वास होता. लोक दुसऱ्यांचे सौदे करायलाही त्यांना न्यायचे.

"जखम भरली आन गेलो. रशीदभाईची गाय हुती. त्यानं चार धरली, मला तीन कळली. करंगळी धरल्याली कळलीच न्हाई. रुमाल काडल्यावर मी तीनचंच पैसं मोजलं. लोकं हसली. रशीद म्हनला, सुभेदार, शबुद फिरवता व्हय?" त्यांनी भाकरीचा तुकडा तसाच ठेवला. "चारनं घिऊन आलो गाय. पर परत गेलो न्हाई."

हात अधू झाल्याचं दुःख वेगळं आणि खोटारडा ठरल्याचं वेगळं. यांना दुसरंच जास्त लागलं होतं.

कवठे महांकाळ

रविवारी मी हट्ट धरला, मला जनावरांचा बाजार पाहायचाय, नागपूरला जाऊन सांगायचंय. दाजी नको नको म्हणत होते. शैला म्हणाली, पाहुणीला कोण नेणार मग? तेव्हा निघाले.

तासगावची हिरवाई मागे पडली तशी जमीन तांबडी-करडी होत गेली. बाभळी, मेंढरांचे कळप, मधूनच ठिबकवर तगलेली डाळिंबाची बाग. बाजारात धूळ, हंबरणं, गोंडे, घुंगरमाळा, कांदाभज्याचा वास. काही जणांच्या बोलण्यात कानडी हेल होता. खिलार खोंडं मी पहिल्यांदा जवळून पाहिली. पांढरीशुभ्र, लांब शिंगांची, आणि नजर अशी की आपणच गबाळे वाटावं. आमच्याकडची गवळाऊ जनावरं गरीब स्वभावाची. ही मंडळी मानीच वाटली.

दाजींचा उजवा हात खिशात होता. ओळखीचे लोक "राम राम सुभेदार" म्हणत, ते डाव्या हाताने राम राम करत. एका खोंडापाशी मात्र थांबले. भोवती फिरले, खूर पाहिले, दात पाहिले. डोळे असे चमकले की शैलाने माझा दंड दाबला.

"घ्या की," मागून आवाज आला. खांद्यावर चौकटीचा रुमाल, मेंदी लावलेली दाढी. दाजींचा चेहरा पडला, त्यावरून मी ओळखलं, हे रशीदभाई. खोंड त्यांचंच होतं.

मग रशीदभाई हळू आवाजात म्हणाले, "सुभेदार, तुमच्या हाताचं मला मागनं कळलं. त्या दिशी मी बोलायला नको हुतं. आज आपन तोंडीच बोलू. भाव मी कानात सांगतो तुमच्या."

किती भला माणूस! मला वाटलं प्रश्न सुटला. पण दाजींचे कान लाल झाले. "तोंडी? पोरासोरागत? टाक रुमाल."

"आवं, कशापायी..."

"टाक म्हनतो न्हवं रं!"

त्यांनी खिशातून हात काढला. अजून थोडा पिवळाच होता, बोटं निम्मीच उघडत होती. पंधरा-वीस माणसं भोवती जमली. गेल्या वेळी हसलेलेही त्यात असणारच. रुमाल पडला. शैलाने डोळे मिटून घेतले. मी मनात म्हणत होते, रशीदभाई, दोन धरा हो, नाहीतर एकच, पण करंगळीच्या वाटेला जाऊ नका!

रुमालाखाली हालचाल झाली. दाजी समोर कुठेतरी पाहत होते, कपाळावर आठ्या, श्वास धरलेला. रशीदभाईंनी विचारलं, "कळलं?"

कोणीतरी खाकरलं. दाजींचा चेहरा हळूहळू बदलायला लागला. आधी संशय, मग भीती, मग काय ते मला सांगता येत नाही. आणि एकदम ते सगळ्या बाजाराला ऐकू जाईल असे ओरडले,

"चार! करंगळी बी धरलीया! शैले, करंगळी धरलीया ह्यानं!"

सगळे अवाक! रुमालाखालचा आकडा भर बाजारात! रशीदभाईंचा भाव चार दिशांना गेला. ते भडकले, "काय केलंसा हे सुभेदार, आता मला कोन..." आणि मधेच थांबले. त्यांना कळलं. भोवतीच्या माणसांनाही कळत गेलं, कारण कोणीच हसलं नाही. शैला मात्र उभ्या उभ्या हमसून हमसून रडायला लागली, आणि मी, जिने शेकडो उंदरांच्या नोंदी कोरड्या डोळ्यांनी केल्या, तीही.

रशीदभाईंनी दुसऱ्या हाताने रुमाल ओढून खांद्यावर टाकला. उघड्या उन्हात त्यांनी बाकीची बोटं सोडली आणि फक्त करंगळी बुडाशी धरून ठेवली.

"कळतंय?"

"व्हय."

"दाबू जरा?"

"दाब." दाजींनी डोळे पुसले नाहीत. "आन सोडू नगंस रं एवढ्यात. धर अजून जरा."